गाडी बनवायचा नाद आहे? त्यासाठी पैसा उभा करायचे वऱ्हाडातले मार्ग, अन् कायदा काय म्हणतो

आयटीआय केलेला किंवा नुसताच हाताने हुशार असा एखादा पोट्टा आता बहुतेक गावांत भेटतो. वडिलांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन खोलून बसतो, भंगारातून ऑटोची चाकं आणून ठेवतो आणि रात्री मोबाईलवर घरगुती जीप बनवायचे व्हिडिओ पाहतो. घरचे म्हणतात, "हे पैशाचं काम आहे, बाबू." घरच्यांचं चूक नाही. पण हा नाद घराला खड्ड्यात न घालता पुरा करता येतो, आणि त्यासाठी लागणारी कमाई आपल्याच तालुक्यात आहे. कोणत्या मोसमात कोणतं काम भेटतं, पैसा कुठून काढायचा नाही आणि तयार झालेली गाडी कुठे चालवायची, याची माहिती एका ठिकाणी देत आहोत.

सांगलीच्या लोहारांची जीप

महाराष्ट्रात या विषयावर सगळ्यात गाजलेलं नाव दत्तात्रय लोहार यांचं. सांगली जिल्ह्यातलं कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे त्यांचं गाव, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. लोहारकाम आणि फॅब्रिकेशन करणाऱ्या या माणसाने मुलाच्या हट्टापायी छोटी जीप बनवली. दुचाकीचं इंजिन, ऑटोची चाकं, स्टेअरिंग डाव्या हाताला आणि गाडी चालू करायची ती किक मारून! खर्च साठ हजार रुपयांच्या आसपास झाल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. २०२१ च्या डिसेंबरात त्यांचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला आणि त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाच्या दारात आली.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातल्या दोन बाबी मात्र लोकं विसरतात. एक म्हणजे महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालू देणार नाहीत. दुसरी बाब जास्त कामाची आहे. लोहारांकडे नादाच्या आधी धंदा होता. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ऐरण हे सगळं रोजच्या पोटापाण्यासाठी दुकानात होतंच. गाडी त्या दुकानाच्या फावल्या वेळात आणि उरल्यासुरल्या लोखंडात उभी राहिली. बोलेरो काही प्रत्येकाला भेटत नाही, राजेहो. पण आधी अवजारं, मग कमाई, मग गाडी हा क्रम कोणालाही घेता येतो.

आधी हे पैसे बाजूला ठेवा

नादाला लागणारा पैसा घरातल्या तीन जागांतून निघतो, आणि तिन्ही ठिकाणी हात लावायचा नाही.

पहिली जागा पीक कर्ज. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मुदत चुकली की सवलत गेली, खातं थकीत झालं की पुढच्या हंगामाचं कर्जही अडलं. म्हणजे वीस हजाराचं इंजिन पीक कर्जातून घेतलं तर ते वीस हजारात पडत नाही. बियाणं सावकाराकडून घ्यायची वेळ येते, तो खर्चही त्या इंजिनाचाच.

दुसरी जागा घरातल्या बाईचं बचत गटाचं कर्ज. त्याचा हप्ता दर महिन्याला येतो आणि गटातल्या दहा बायकांची पत त्यात गुंतलेली असते. एकीचा हप्ता थांबला की बोलणी तिला ऐकावी लागतात, गाडी बनवणाऱ्याला नाही.

तिसरी जागा म्हणजे कापूस-तूर विकून आलेला पैसा. तो आला की घरात असल्यासारखा वाटतो, पण त्यातला बराचसा उधारीत आधीच गेलेला असतो. यावर सोपा उपाय आहे. पोस्टात किंवा बँकेत वेगळं बचत खातं काढा. जोडकामाची कमाई त्यात टाका आणि गाडीवर खर्च त्यातूनच करा. खातं रिकामं असेल तर त्या महिन्यात काम बंद.

उन्हाळा: कुलर

वऱ्हाडातला सगळ्यात हमखास मोसम हा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, आणि लोखंडी कुलर नसलेलं घर शोधावं लागतं. फेब्रुवारीच्या शेवटापासून लोकं माळ्यावरचे कुलर खाली काढतात. गवत बदलणे, टाकीचं भोक वेल्डिंगने किंवा एम-सीलने बुजवणे, पंप बदलणे, फॅन मोटरचे बुश किंवा बेअरिंग टाकणे, रंग मारणे ही कामं मार्चभर चालतात. एप्रिल-मेमध्ये "आत्ताच्या आत्ता या" असे फोन येतात, आणि त्याची मजुरी थोडी जास्त घेतली तरी कोणी कुरकुर करत नाही.

दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यात हे काम दुप्पट आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीतलं पाणी खारं. त्याने कुलरचं गवत क्षाराने दगडासारखं होतं, पंप जाम होतो, पत्रा लवकर गळतो. जिथे वरच्या भागात गवत पूर्ण उन्हाळा काढतं, तिथे खारपाणपट्ट्यात ते मध्येच बदलावं लागतं. याच पट्ट्यात घरगुती फिल्टरची सर्व्हिसिंग हेही वर्षभराचं काम आहे. मेंब्रेन, कँडल, बूस्टर पंप एवढं शिकलं तर ते जमतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. दर उन्हाळ्यात कुलरचा करंट लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात. कुलरची बॉडी लोखंडाची, आत पाणी आणि खाली ओली फरशी. दुरुस्तीला गेलात तर तीन पिनचा प्लग आणि अर्थिंग आहे का ते पाहिल्याशिवाय कुलर चालू करून देऊ नका. गिऱ्हाईक म्हणेल, "मागच्या साली असाच चालला." तरी अर्थिंग करूनच द्या, दोन पैसे जास्त मागा.

पेरणीच्या आधी आणि नंतर

मे संपता संपता वखर, तिफन, डवऱ्याची कामं येतात. पास झिजलेली असते, तिफनीचं फण वाकलेलं असतं, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरची पाती बदलायची असतात. वेल्डिंग येणाऱ्याला पंधरा-वीस दिवस मान वर करायला फुरसत नसते. पण या कामात गावात आधीपासून लोहार असतो. त्याच्या पोटावर पाय देण्यापेक्षा त्याच्याच हाताखाली मोसमभर राबा. पैसे थोडे कमी भेटतील, पण लोखंड तापलं की कसं वागतं हे व्हिडिओवर शिकता येत नाही.

जुलै ते सप्टेंबर फवारणीचा काळ. कपाशी, सोयाबीन, तूर सगळ्यांना पंप लागतो आणि आता बहुतेकांकडे बारा व्होल्टचा बॅटरी पंप आहे. बिघाड ठरलेले असतात: बॅटरी उतरली, चार्जर जळाला, स्विच गेला, मोटरच्या डायफ्रामला चीर पडली, लान्सचा वायसर गळतो. मल्टिमीटर आणि सुट्या भागांचा एक डबा एवढ्यावर हे काम चालू होतं. पेट्रोलच्या पंपात प्लग आणि कार्बुरेटर साफ करणे हे मुख्य काम, आणि ते दुचाकीचं काम येणाऱ्याला लगेच जमतं.

गळका पंप ही फक्त पैशाची बाब नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर गळणारा पंप म्हणजे औषध सरळ अंगात. म्हणून दुरुस्तीला आलेला पंप आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून आणायला सांगा, स्वतः हातमोजे घाला आणि पाण्यावर पूर्ण दाबाने चालवून दाखवल्याशिवाय परत देऊ नका. तोंडाने नोजल फुंकायची सवय असेल तर ती आजच सोडा.

श्रावणात अकोल्याची कावड असते. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला आणतात. कावडी-पालख्यांच्या डागडुजीसाठी वेल्डिंगवर हात बसलेल्याने आधीच मंडळांत विचारून ठेवायला हरकत नाही. गणपतीच्या मंडपाचंही तसंच.

रब्बी: मोटरी आणि झटका मशीन

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आमच्या मते कमाईचा सगळ्यात चांगला काळ. हरभरा-गव्हाला पाणी सुरू झालं की मोटरी जळायला लागतात. कमी दाबाची वीज, रात्रीचा पुरवठा, सिंगल फेजवर चाललेली थ्री फेज मोटर ही नेहमीची कारणं. मोटर बांधणं म्हणजे रिवायंडिंग हे कसबाचं काम आहे. जुन्या तारेचे वेढे मोजायचे, त्याच गेजची तांब्याची तार घ्यायची, स्लॉटमध्ये कागद बसवायचा, वॉर्निश सुकवायचं. शिकायला सहा महिने लागतात, पण नंतर पाच किलोमीटरच्या आत हे येणारा दुसरा माणूस सापडत नाही. खारपाणपट्ट्यात पंपाचे इंपेलर आणि सीलही लवकर खातात, ते काम वेगळं.

दुसरं काम झटका मशीनचं. रोही आणि रानडुकरांनी वऱ्हाडात शेतकऱ्याला जागलीवर आणलं आहे. सोलर पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी, मशीन, तार आणि इन्सुलेटर असा संच लावून देणे, मग बॅटरीत पाणी पाहणे, तारेला लागलेलं गवत कापणे, अर्थिंगचा रॉड ओला ठेवणे. एकदा पाच-सहा वावरांचं काम हाती आलं की महिन्याचा फेरा ठरून जातो.

इथे जीवाचा प्रश्न आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. झटका मशीन तारेत क्षणभराचा ठोका सोडते. जनावर दचकते, मरत नाही. काही जण मशीन न लावता मेन लाईनचा आकडा सरळ कुंपणाच्या तारेत सोडतात. त्याने रोही मरतो, तसा रात्री पाणी द्यायला जाणारा शेजारीही मरतो, आणि जोडून देणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. कितीही पैसे देऊ केले तरी अशा कामाला हात लावू नका. तयार मशीनच लावा, घरी बनवलेली नको.

वरुड, मोर्शी, शेंदुरजना घाट भागातल्या पोरांना हिवाळ्यात संत्र्याच्या रोपवाटिकांत जंबेरीवर डोळा बांधायचं काम आहेच. स्वतःची कलमं विकायची असतील तर मात्र परवाना लागतो. फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा राज्याचा कायदा आहे, तालुका कृषी कार्यालयात विचारा.

किती पैसे सुटतील

एक ढोबळ हिशोब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला. समजा कुलरची ६० कामं झाली आणि सामान सोडून प्रत्येकी १५० रुपये हातात राहिले, तर ९ हजार. फवारणी पंपाची ८० कामं शंभर रुपयांप्रमाणे ८ हजार. मोटरी २०, प्रत्येकी ५०० सुटले तर १० हजार. वर्षाचे २७ हजार झाले. अर्धे घरात दिले तर गाडीच्या खात्यात साडेतेरा हजार पडतात. साठ हजारांची गाडी या वेगाने साडेचार वर्षांनी होते. ऐकायला लांब वाटतं. पण पहिल्या वर्षाच्या पैशातून वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, मल्टिमीटर आणि पान्यांचा संच घेतला, तर दुसऱ्या वर्षी कामं वाढतात, कारण तीच अवजारं कमावतात. इंजिन आधी घेऊन अवजारं उधार मागणारा माणूस मधेच थांबतो, आणि इंजिन पावसात गंजते.

वीज हा छुपा खर्च आहे. घरगुती किंवा शेतीच्या मीटरवर वेल्डिंगचा धंदा केला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. रोजची कामं यायला लागली की वेगळी जोडणी घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाईन फुकट होते, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

शिकायचं कुठे? ग्रामीण तरुणांसाठी बँकांच्या आरसेटी संस्था जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. १८ ते ४५ वयाच्या मुलामुलींना प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत. दुचाकी दुरुस्ती, मोटर रिवायंडिंग असे वर्ग तिथे घेतले जातात, पुढचा वर्ग केव्हा ते फोनवर विचारा. आयटीआयत वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. लोहारकाम हाताने करणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात प्रशिक्षणाचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज आहे. योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहार आहे, गॅरेजवाला नाही. एका कुटुंबातून एकालाच लाभ. अर्ज सीएससी केंद्रातून, ग्रामपंचायतीच्या पडताळणीने.

भंगारातून इंजिन घेताना

स्वस्त इंजिन भेटलं म्हणून उचलू नका. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करताना वकिलाचे पैसे इंजिनापेक्षा जास्त जातात. इंजिन आणि चेसिस नंबर खोडलेला नाही ना ते पाहा. गाडीची आरसी मागा, एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव जुळवा. विकणाऱ्याच्या आधार कार्डची प्रत आणि सही असलेली पावती घ्या. जुनी गाडी कायमची खोलायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी रद्द करून घ्यायची असते. घरच्याच दुचाकीचं इंजिन काढत असाल तरी हे लागू आहे. नाहीतर टॅक्स आणि चलानं वडिलांच्या नावावर चढत राहतात.

तयार गाडी कुठे चालवायची

सरळ उत्तर: सार्वजनिक रस्त्यावर नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुगाड गाडी हीदेखील मोटार वाहनच आहे, तिला नोंदणी-विम्याचे सगळे नियम लागतात. नोंदणीसाठी नमुना गाडीची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत पास व्हावी लागते, आणि तो खर्च घरगुती बजेटमध्ये बसत नाही. बिननोंदणीची गाडी चालवली तर पहिल्यांदा दोन ते पाच हजार दंड आहे. नोंदणी असलेल्या गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२ अ प्रमाणे प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. अठरा वर्षांखालच्या मुलाने चालवली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

दंड तरी भरता येतो. विमा नसलेल्या गाडीखाली कोणी आलं तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई घरातून द्यावी लागते, आणि गावाकडे घरातून म्हणजे वावरातून.

म्हणून गाडी आपल्या वावरात, मोकळ्या पडीक जागेत चालवा. ब्रेक आधी, वेग नंतर. चेन आणि फिरत्या शाफ्टला पत्र्याचं झाकण हवंच, कारण ओढणी-उपरणं अडकून होणारे अपघात मळणीयंत्रावर आपण पाहिलेले आहेत. इंजिन बंद करायचं बटण हाताशी ठेवा. लहान लेकरांना मांडीवर घेऊन फेरी मारू नका, मागतील तरी.

मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाईल शिकणाऱ्यांना यापेक्षा चांगला रस्ता आहे. बाहा ही कॉलेजच्या संघांची स्पर्धा २००७ पासून होते, तिचं जुनं मैदान इंदूरजवळचं पिथमपूर, म्हणजे आपल्या धारणीच्या पलीकडे मध्य प्रदेशात. तिथे विद्यार्थ्यांनी बनवलेली चारचाकी उड्या मारत खडकातून पळवतात, आणि तपासणीत वेल्डिंगचा एकेक जोड पाहतात. कॉलेजात संघ असेल तर पहिल्याच वर्षी त्यात शिरा. खर्च संघाचा, शिकणं तुमचं.

रस्त्यावर चालवायचीच हौस असेल तर नवीन बनवण्याऐवजी कागद असलेली जुनी जीप दुरुस्त करणं परवडतं. पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून भेटते. फी आणि पर्यावरण कर किती ते परिवहन पोर्टलवर पाहा किंवा अमरावती-अकोल्याच्या आरटीओत विचारा. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल आणि मूळ रूपात ठेवलेली असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. तिची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात "व्हीए" अशी अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीसाठी नेता येते. सौदा करण्याआधी तिच्या आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकच आहे का, हे उजेडात, खडूने घासून वाचा.